आधी हॉलची चावी द्या, मल्टिप्लेक्सचं नंतर बघू

सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत यावरून आपल्याकडे वर्षातून तीनचारदा तरी वाद पेटतो आणि त्यातले संवाद आता सगळ्यांचे पाठ झालेत. शुक्रवारी सिनेमा लागतो, सोमवारी शो उतरवले जातात, दिग्दर्शक थिएटरबाहेर उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ करतो, मग एखाद्या पक्षाची माणसं मॅनेजरला निवेदन द्यायला जातात, मल्टिप्लेक्सवाले म्हणतात लोकच येत नाहीत तर आम्ही काय करणार, आणि कमेंटमध्ये दोन फळ्या पडतात. एक म्हणते मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत, आपल्या सिनेमाला जागा नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दुसरी म्हणते रडू नका, चांगले सिनेमे बनवा, आपोआप चालतील. २०२५च्या जुलैमध्ये मामीने, म्हणजे मुंबईचा चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या संस्थेने, यंदा महोत्सव होणार नाही असं जाहीर केलं तेव्हा हेच झालं, आणि नोव्हेंबरमध्ये कनू बहलच्या 'आग्रा'ला शो मिळेनात म्हणून बऱ्याच स्वतंत्र दिग्दर्शकांनी मिळून निवेदन काढलं तेव्हाही हेच झालं. 'आग्रा' २०२३ला फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला होता, म्हणजे तिथून मुंबईतल्या थिएटरपर्यंत यायला त्याला अडीच वर्षं लागली आणि आल्यावर बसायला जागा नाही. राग येणं बरोबरच आहे. पण हा राग चुकीच्या दारावर थापा मारतोय असं मला मनापासून वाटतं, आणि ते सविस्तर सांगायलाच हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या, स्वतंत्र फिल्ममेकरची पहिली गरज संध्याकाळी सातचा मल्टिप्लेक्स शो ही नाहीये, आणि आजकाल जे नेटवर्किंगचे कार्यक्रम होतात ती तर नाहीच नाही. त्याची पहिली गरज आहे घराजवळची, स्वस्तातली, दर महिन्याला ठरल्या दिवशी उघडणारी एक जागा, जिथे तीच ती माणसं पुन्हा पुन्हा सिनेमा बघायला येतात आणि बघून झाल्यावर लगेच उठून जात नाहीत. अशा जागा या शहरात होत्या, त्यातून माणसं घडली, आणि आपण त्या एकेक करून हातातून जाऊ दिल्या. हॉल मात्र अजून उभे आहेत, त्यातले कितीतरी महापालिकेचे आहेत आणि आठवड्यातल्या अनेक संध्याकाळी त्यांना कुलूप असतं. या कुलपाबद्दल कुणीच का बोलत नाही?

आधी मल्टिप्लेक्सवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. मॉलमधलं भाडं, एसीचं बिल, स्टाफ, हे सगळं अडीचशे सीटच्या हॉलमध्ये अकरा माणसं बसली तरी तेवढंच असतं. शनिवारी संध्याकाळचा शो रिकामा गेला तर तो भरून निघत नाही. त्यांचा धंदा आहे, त्यांनी धंद्यासारखा विचार केला तर त्यात पाप नाही. पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते की हा धंदा निव्वळ स्वतःच्या पायावर उभा राहिलेला नाही, २००१ नंतर राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात घसघशीत सवलत दिली, म्हणजे लोकांच्या पैशाने त्यांचा पाया भरला गेला, त्यामुळे त्यांच्याकडे काही मागणं ही भीक नव्हे. मागायला माझी ना नाहीच. माझा प्रश्न वेगळा आहे, मागितलेलं मिळालं तरी त्यातून छोट्या सिनेमाला काय मिळतं?

एप्रिल २०१५ आठवा. तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळात मराठी सिनेमा दाखवावाच लागेल असं जाहीर केलं, केवढा गदारोळ झाला, शोभा डेंचं ट्वीट काय, त्यावरून हक्कभंग काय, मोर्चे काय, आणि शेवटी तडजोड होऊन ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. नेमका त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' थिएटरात लागला होता. व्हेनिसला दोन पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, पुढे भारताकडून ऑस्करला पाठवला गेला, आणि गोष्ट कुठली तर इथलीच, सेशन्स कोर्टातली, लोकशाहिराची, मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराची. प्राइम टाइमवर आपण महिनाभर हमरीतुमरीवर येऊन भांडलो, पण त्या वेळेत कुठल्या तऱ्हेचा मराठी सिनेमा लागणार हे कुणी विचारलं? नियमात 'मराठी' एवढाच शब्द होता. म्हणजे ज्या मराठी सिनेमाकडे चेहरे आहेत, चॅनलची जाहिरात आहे, तोच त्या वेळेत बसणार हे उघड होतं. नियम भाषेसाठी होता, स्वतंत्र सिनेमासाठी नव्हता, आणि या दोन गोष्टी आपण सारख्या एकात एक मिसळतो.

अजून मागे जाऊ. १९७१ला दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरने हिंदी सिनेमासाठी जागा नाकारली, शिवसैनिक रस्त्यावर आले, बाळासाहेबांनी लक्ष घातलं आणि सिनेमा लागला. लागला तो असा लागला की पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. हे उदाहरण आजही प्रत्येक आंदोलनात दिलं जातं. पण नीट बघा, तिथे प्रेक्षक आधीच दारात उभा होता. 'विच्छा माझी पुरी करा'मुळे दादांना घराघरात ओळखत होते, फक्त दार अडवलेलं होतं आणि ते धक्का मारून उघडता आलं. ज्या सिनेमाचं नावच कुणी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी दार उघडून तुम्ही आत कुणाला आणणार? आंदोलनाने शो मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. तो वर्षानुवर्षं जमवावा लागतो आणि ते काम थिएटरच्या काउंटरवर होत नाही.

आता दुसरी फळी, चांगले सिनेमे बनवावाली. यांचं ऐकून मला जास्त त्रास होतो कारण यांच्या बोलण्यात एक प्रकारची बेफिकिरी आहे. जयंत सोमलकरचा 'स्थळ' २०२३ला टोरांटोला पुरस्कार घेऊन आला, विदर्भातल्या गावातली मुलगी, कांदेपोहे, हुंडा, कापसाचा भाव, यात न कळण्यासारखं काय आहे? तो थिएटरात आला मार्च २०२५ला. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात सर्वोच्च ज्युरी पुरस्कार जिंकला, दिग्दर्शक मुंबईत वाढलेला, सिनेमा मराठी, आणि सप्टेंबरमध्ये भारतात लागला तो राणा दग्गुबातीच्या कंपनीने हात दिला म्हणून. त्याआधी पायल कपाडियाचा मुंबईवरचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ही त्याच कंपनीने इथे आणला होता, कानचा ग्रां प्री मिळालेला असूनही त्याला तशा हाताची गरज लागली. मग सांगा, याहून चांगलं काय बनवायचं? चांगला सिनेमा आपोआप चालत नाही, कधीच चाललेला नाही, त्याला कुणीतरी उचलून माणसांपर्यंत न्यावं लागतं. २००४ला 'श्वास'च्या ऑस्कर मोहिमेसाठी लोकांनी, शाळेतल्या पोरांनी पैसे गोळा केले होते ते आपोआप होतं का? आणि सगळ्या चांगल्या सिनेमांच्या नशिबात सुवर्णकमळ नसतं. बहुतेकांच्या नशिबात एक हार्डडिस्क असते आणि घरच्यांचं 'मग कधी लागणार?' असतं.

नेटवर्किंगवर थोडं जास्त बोलतो कारण नव्या मुलांचे पैसे आणि उमेद दोन्ही इथे जास्त वाया जाताना दिसतं. अंधेरी-वर्सोव्यात गेलात, आराम नगरच्या आसपास कुठल्याही कॅफेत बसलात तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणालातरी गोष्ट ऐकवत असतं. तिथे आता 'मीट अप' होतात, हजार-पंधराशे रुपये भरा, निर्माते येणार आहेत, कास्टिंगवाले येणार आहेत, दोन मिनिटांत तुमची कल्पना मांडा. प्रत्यक्षात काय होतं? खोलीत पन्नास जण असले तर पन्नासही जण काहीतरी विकायला आलेले असतात, बघायला आलेला एकही नसतो. 'तुझं काम कुठे बघता येईल?' 'लिंक पाठवतो ना.' लिंक येते, पासवर्ड येतो, कुणी उघडत नाही. इन्स्टावर एकमेकांना फॉलो केलं जातं आणि पुढच्या महिन्यात त्याच खोलीत तेच चेहरे. मी असं म्हणत नाही की यातून कधीच कुणाला काम मिळत नाही, मिळतं, विशेषतः ज्याला बोलता चांगलं येतं त्याला. पण सिनेमा करणाऱ्या कितीतरी जणांना बोलता येत नाही म्हणून तर ते सिनेमा करतात! लातूरहून, चंद्रपूरहून आलेला, इंग्रजीत दोन मिनिटं फडाफड न बोलू शकणारा मुलगा तिथे कोपऱ्यात उभा राहतो, त्याची फिल्म मात्र त्या सगळ्या खोलीपेक्षा भारी असू शकते. ती त्या खोलीत कुणी लावणारच नसेल तर ते कळणार कसं?

त्यातच भर म्हणजे ऑनलाइन 'फेस्टिव्हल'. दर महिन्याला स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेत चाळीस विभाग, फी भरली की पोस्टरवर चिकटवायला सोनेरी पानांचं चिन्ह. तिथे स्क्रीनिंग होतच नाही. एकही माणूस अंधारात बसून ती फिल्म बघत नाही. तरी पोरं भरतात, कारण रेझ्युमेवर काहीतरी दिसायला हवं, घरच्यांना काहीतरी दाखवायला हवं. त्यांना हसू नका, दुसरी जागा आपण ठेवलेलीच नाही.

आणि एकेकाळी होती. वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये एकाच आवारात इब्राहिम अल्काझी नाटक शिकवत होते, चित्रकार चित्रं काढत होते, रविशंकरांची संगीत शाळा होती आणि विजयाबाई मेहतांची 'रंगायन' ही नाट्यसंस्था तालमी करत होती. कुणी कुणाला कार्ड दिलं नाही. एकमेकांचं काम रोज डोळ्यासमोर होत होतं, एवढंच. 'रंगायन'ने रंगमंचावर आणलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सत्यदेव दुबेंनी १९७१ला सिनेमा केला तेव्हा त्यात सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे, अमोल पालेकर ही सगळी या प्रायोगिक वर्तुळातली माणसं होती आणि कॅमेऱ्यामागे होते गोविंद निहलानी. पुढे १९८३ला निहलानींनी तेंडुलकरांच्याच पटकथेवर 'अर्धसत्य' केला. ही साखळी कुठल्या पिचिंग सेशनमध्ये जुळली असती? मग १९७४पासून दादरला छबिलदास शाळेचा हॉल 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला मिळाला. शाळेचा हॉल होता तो, लाकडी बाक, बाहेर स्टेशनचा गोंगाट, गल्लीत वड्याचा वास, नाटकासाठी बांधलेली जागाच नव्हे ती. पण भाडं परवडायचं आणि तारीख मिळायची. तिथे वाईट नाटकं झाली नाहीत का? ढिगाने झाली असतील. पण वाईट नाटक करणाऱ्याला त्याच आठवड्यात समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर कळायचं की फसलंय, आणि तो पुढचं करायचा. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा जो दबदबा आपण अभिमानाने सांगतो तो या स्वस्त हॉलमुळे आहे, शासनाच्या कुठल्या पुरस्कारामुळे नाही.

सिनेमाचंही तसंच. प्रभात चित्र मंडळ ही सभासदांना सिनेमे दाखवणारी फिल्म सोसायटी १९६८ला सुरू झाली आणि मुंबईतल्या मराठी माणसाला जगभरचा सिनेमा बघायची सवय लागली ती बऱ्याच अंशी या चळवळीमुळे. बासु चॅटर्जी दिग्दर्शक होण्याआधी मुंबईत फिल्म सोसायटीचं काम करत होते. आता यावर जो आक्षेप येतो तोही खरा आहे, फिल्म सोसायट्या हळूहळू ज्येष्ठांच्या क्लबसारख्या झाल्या, परदेशी सिनेमावर प्रेम आणि शेजारच्या पोराच्या शॉर्ट फिल्मकडे दुर्लक्ष, आणि एका काळात बरेच सभासद तर सेन्सॉर न झालेली दृश्यं बघायला यायचे हेही उघड गुपित आहे. डीव्हीडी आल्या, टोरंट आलं, आणि ते सभासद गळाले. पण म्हणून कल्पनाच चुकली का? चुकलं ते एवढंच की बहुतेक ठिकाणी फक्त बघणारे जमवले, करणाऱ्यांना सोबत बसवलं नाही. जिथे करणारे आणि बघणारे एकत्र आले तिथे काय होतं याचंही उदाहरण मुंबईतच आहे. २००३ला मिफ्फने, म्हणजे मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने, भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं, माहितीपटवाले एकत्र आले, विरोध केला आणि फेब्रुवारी २००४ला मिफ्फ चालू असतानाच प्रभादेवीच्या भुपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. मोठा पडदा नव्हता, रेड कार्पेट नव्हतं, पण त्यातून जी एकजूट झाली ती पुढे कितीतरी वर्षं टिकली, जुहूला पृथ्वी थिएटरच्या समोरच्या जागेत नियमित खेळ होत राहिले. २०१२ला पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या माहितीपट संस्थेतही एफडी झोन सुरू झालं, दर आठवड्याला फुकट सिनेमा, नंतर दिग्दर्शकाशी गप्पा. पुढे फिल्म्स डिव्हिजनच एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालं. सरकारी संस्थेतही असं घडू शकतं हे त्या काळात दिसलं होतं, म्हणून तर 'सरकारकडून काही होणार नाही' हे मी मान्य करत नाही.

असा खेळ प्रत्यक्षात कसा असतो ते सांगतो. परळला एका शाळेच्या हॉलमध्ये काही मंडळी शनिवारी संध्याकाळी शॉर्ट फिल्म दाखवायची. खिडक्यांना काळा कागद चिकटपट्टीने लावलेला, प्रोजेक्टर भाड्याचा, स्पीकर जवळच्या गणपती मंडळाचे, आणि संवाद ऐकू यावेत म्हणून पंखे बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. एका मुलीची फिल्म होती, घरी पोळ्या लाटून डबे देणाऱ्या बाईवर. फिल्म संपली, दिवे लागले, नेहमीप्रमाणे पहिली पाच मिनिटं कुणी बोलेना. मग दुसऱ्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, 'बाळा, तुझी बाई साठ पोळ्या लाटते पण तिचा हात एकदापण खांद्याकडे जात नाही. आम्ही विसाव्या पोळीला खांदा दाबतो, असा.' आणि त्यांनी बसल्या बसल्या डाव्या हाताने उजवा खांदा दाबून दाखवला. त्यांचं स्वतःचं पोळीभाजी केंद्र होतं. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. मागून एक पोरगा उठला, मालिकांच्या सेटवर साउंडला असिस्टंट, तो म्हणाला कुकरची शिट्टी तीनदा तीच वापरलीये, कळतंय, मी देतो नवीन रेकॉर्ड करून, पैसे नकोत. त्या दोघांनी पुढची फिल्म एकत्र केली. मला कुणी विचारलं नेटवर्किंग म्हणजे काय तर मी ही संध्याकाळ सांगेन. अशी सूचना मल्टिप्लेक्समध्ये मिळत नाही, कानलाही मिळणार नाही, कारण तिथे त्या मावशी नसतात.

यावर तरुण मित्र म्हणतात, कशाला हॉल, यूट्यूब आहे, ओटीटी आहे. यातलं यूट्यूबचं मला बरंचसं पटतं. जिल्ह्याच्या गावातल्या मुलांना कुणाच्याही दारात न जाता फिल्म लोकांसमोर ठेवता येते ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी कमी लेखू नये. पण अपलोड होणं वेगळं आणि बघितलं जाणं वेगळं. तिथे बघणारा सातव्या मिनिटाला भाजी घ्यायला जातो आणि परत येत नाही, दिग्दर्शकाला कळतं फक्त एक आकडा खाली गेला. तो का गेला, कुठे कंटाळला, कुठे मान खाली घातली, हे आकडा सांगत नाही. ओटीटीवाले तर आता 'थिएटरला काय केलं?' असंच विचारतात, चेहरा कोण आहे ते विचारतात, म्हणजे फिरून पुन्हा त्याच कुलपाशी. आणि घरच्या स्क्रीनवर कितीही चांगली फिल्म बघा, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी ओळख होत नाही. ज्याला पुढच्या फिल्मसाठी एडिटर हवा आहे, संगीत करणारा हवा आहे, पन्नास हजार रुपये लावणारा एखादा डॉक्टर नाहीतर शिक्षक हवा आहे, त्याला माणसं भेटायला हवीत.

मुंबईत कुणाला वेळ आहे, हा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो. बदलापूरहून सात वाजता निघणारा माणूस रात्री नऊला घरी पोचतो, तो कुठला सिनेमा बघायला येणार? पण म्हणूनच तर मी वांद्रे-जुहूच्या एखाद्या चकचकीत कल्चर सेंटरबद्दल बोलत नाहीये. सध्या जे काही होतं ते वर्सोवा ते वांद्रे या पट्ट्यात नाहीतर थेट दक्षिण मुंबईत होतं, आणि मग आपण म्हणतो सामान्य माणसाला असल्या सिनेमात रस नाही. त्याच्या मुलुंडमध्ये, घाटकोपरमध्ये, बोरिवलीत, घरापासून चालत दहा मिनिटांवर आपण कधी काही लावलंय का? विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, भायखळ्याचं अण्णाभाऊ साठे, ही पालिकेची नाट्यगृहं आहेत. शनिवार-रविवार नाटकांनाच हवेत, त्याला हात लावू नका, पण मंगळवार-बुधवारचं काय? आणि नाट्यगृह मोठं पडत असेल तर पालिकेच्या शाळा आहेतच, जवळजवळ प्रत्येक वॉर्डात, संध्याकाळी सहानंतर रिकाम्या. ज्या महापालिकेचं २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं तिला वॉर्डामागे एक प्रोजेक्टर, एक पडदा आणि दोन बरे स्पीकर जड जाणार आहेत?

केरळचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात तिकडची गोष्ट वेगळी. वेगळी आहेच, पण ती आभाळातून पडलेली नाही. दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी १९६५ला 'चित्रलेखा' फिल्म सोसायटी काढली तिथून पुढे गावोगाव सोसायट्या झाल्या. १९८०च्या दशकात मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहमच्या 'ओडेसा' गटाने गावागावात सिनेमे दाखवत लोकांकडून पैसे जमवले आणि त्यातून १९८६ला सिनेमा उभा केला. आज तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात पहाटेपासून रांगा लागतात त्या काही रातोरात लागायला लागलेल्या नाहीत. आपल्याकडे तर जत्रेतल्या तंबू थिएटरची परंपरा आहे, पडदा घेऊन माणसांच्या दारात जाणं आपल्याला नवं नाही.

आता अडचणी कुठे आहेत तेही बोलू. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवाला केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेता येते, फिल्म सोसायटीला सभासदांपुरती मोकळीक असते, पण शाळेच्या हॉलमध्ये चाळीस शेजाऱ्यांना पंधरा मिनिटांची फिल्म दाखवायची तर आयोजकाला कळत नाही आपण नेमके कशात बसतो, आणि मुख्याध्यापकांना तर त्याहून नाही, म्हणून ते सरळ नको म्हणतात. त्यांची चूक नाही, उद्या काही झालं तर सही त्यांची असते. यावर उपाय म्हणून प्रत्येक वॉर्डात एक नोंदणीकृत सोसायटी उभी करता येईल, शंभर रुपये वर्गणी, प्रभातसारख्या जुन्या संस्थांनी त्यांना कागदपत्रं कशी करायची ते शिकवावं. त्यांच्याकडे पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव आहे, नव्या मुलांकडे ताकद आहे, आणि दोघं आज एकमेकांशी बोलतच नाहीत. फिल्म सिटी आणि सांस्कृतिक खातं मराठी सिनेमाला अनुदान देतं, ते राहू द्या, पण अनुदान सिनेमा बनवायला मिळतं, दाखवायला काय? त्यातला थोडा वाटा खेळांच्या मानधनाकडे वळवला तर दिग्दर्शकाला निदान रिक्षाचे पैसे खिशातून घालावे लागणार नाहीत. फुकट दाखवण्याची सवय मला मंजूर नाही. आपल्याकडे 'एक्सपोजर मिळेल' म्हणून कलावंताला राबवून घेण्याची खोड फार जुनी आहे आणि ती चांगल्या हेतूच्या लोकांनाही असते.

आणि आपल्याच लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्वतंत्र फिल्ममेकर स्वतःच्या स्क्रीनिंगला सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निमंत्रण टाकतो, दुसऱ्याच्या स्क्रीनिंगला मात्र 'शूट आहे रे' म्हणतो. स्वतःची फिल्म झाली की निघून जातो, पुढच्याची बघत नाही. छबिलदासला असं चाललं असतं तर छबिलदास महिनाभरही टिकलं नसतं. तेव्हा वॉर्डातल्या अशा खेळाला माझी एकच अट असेल, ज्याला आपली फिल्म लावायची आहे त्याने आधी तिथे तीन संध्याकाळ बसून इतरांच्या फिल्म बघायच्या, खुर्च्या लावायच्या, काळा कागद चिकटवायचा. पालिकेकडे जायचं ते मोर्चा घेऊन नको, वॉर्ड ऑफिसला साधा लेखी अर्ज करायचा. आमच्या वॉर्डातल्या कुठल्या शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात, भाडं किती, चावी कुणाच्या ताब्यात असते, एवढंच विचारायचं, आणि पोच घ्यायची. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात टाकायचं. कुर्ला, भांडुप, गोरेगाव, चेंबूर, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन जणांनी हे केलं तर पावसाळ्याआधी पहिला खेळ लावता येईल.